गावकरकाकांचा डावा हात

गावकरकाका दुपारी गाडी बघायचे नाहीत. गाडीचा मालक कितीही मोठा असो, विमा कंपनीतून कितीही तातडीचा फोन येवो, सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी चारनंतर. मधल्या वेळात ते ऑफिसात बसून सुपारीचं खांड चघळत आणि फोनवर शांतपणे सांगत, "आत्ता नाही हो. आत्ता ऊन डोक्यावर आहे. डोक्यावरच्या उन्हात गाडी खोटं बोलते."

पलीकडचा माणूस बहुधा कपाळावर हात मारून घेत असणार. पहिले दोन महिने मीही मनातल्या मनात मारून घेत होते. पण त्यात तथ्य होतं. तिरप्या उन्हात पत्र्यावरच्या प्रत्येक पोच्याला सावली पडते, बारा वाजता तोच पत्रा गुळगुळीत दिसतो. हे काकांनी मला तोंडाने समजावलं नाही. एकच बॉनेट एकदा सकाळी आणि एकदा दुपारी दाखवलं आणि म्हणाले, "बघितलंस? आता पुन्हा विचारू नकोस."

काका विम्याचे सर्व्हेअर होते. कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाच्या गाडीवर झाड पडलं, की मालक कंपनीकडे अर्ज करायचा आणि कंपनी काकांना पाठवायची. काय मोडलंय, कशाने मोडलंय, दुरुस्तीला काय लागेल, हे बघून काका रिपोर्ट द्यायचे. मालकाला भरपाई मिळणार की नाही ते त्या दोन पानांवर ठरायचं. ती दोन पानं मी टाइप करत असे. बी.कॉम. होऊन बँकांच्या परीक्षा देत होते, आणि बँक लागेपर्यंत काहीतरी हवं म्हणून ही नोकरी धरली होती. बँक काही लागली नाही. काकांकडे मात्र मी सहा वर्षं राहिले आणि त्याबद्दल मला कधीही वाईट वाटलेलं नाही.

ऑफिस म्हणजे बोरिवली पश्चिमेला एका पिठाच्या गिरणीवरची खोली. खाली पट्टा फिरू लागला की वर टाइपरायटर थरथरायचा, आणि कार्बन पेपरवर ज्वारीचं पीठ बसायचं. कंपनीतले लोक म्हणत, गावकरांचा रिपोर्ट नुसता झटकला तरी ओळखता येतो. खोलीत दोन टेबलं, एक काळा फोन, एक करड्या रंगाचं लोखंडी कपाट आणि खडूचे खोके. पहिल्या दिवशी मी त्यांना "साहेब" म्हटलं, तर त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. "कोण आलं? इथे साहेब येत नाही. काका म्हण."

सर्व्हेअर होण्याआधी पंधरा वर्षं काका भायखळ्याच्या एका गॅरेजात डेंटर होते. म्हणजे पत्र्याचे पोचे ठोकून काढणारे. दिवसा हातोडी आणि संध्याकाळी डिप्लोमाचा वर्ग, असं करून त्यांनी परवाना मिळवला होता. मूळचे मालवणकडचे, पण ऑफिसात मुंबईचं मराठी बोलायचे. मालवणी बाहेर आली की समजायचं, काका एकतर फार खूश आहेत नाहीतर फार अस्वस्थ.

त्यांच्या उजव्या तळव्याला हातोडीचे घट्टे होते. म्हणून ते पत्रा तपासायचे डाव्या हाताने. "उजवा बहिरा झालाय," ते म्हणत, "डाव्याला अजून ऐकू येतं." तळवा आणि पत्रा यांच्यामध्ये मलमलचा एक तुकडा असायचा, काकूंच्या जुन्या साडीचा. उघडा हात पत्र्यावर अडतो. मलमलवरून तो सरकतो आणि केसाएवढा खड्डा असला तरी लागतो. गाडीवर हात फिरवताना ते डोळे मिटून घेत. गाडीचे मालक आधी हसत आणि थोड्या वेळाने हसायचे थांबत.

ही विद्या मलाही यायलाच हवी, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी टायपिस्ट आहे, माझा पत्र्याशी काय संबंध, हे सांगून बघितलं. "तू 'डेंट' टाइप करतेस. डेंट म्हणजे काय माहीत नसताना टाइप करतेस. लाज नाही वाटत?" मग रोज सकाळी आल्या आल्या पर्स ठेवायची, मलमल हातात घ्यायची आणि डोळे मिटून त्या करड्या कपाटाच्या दारावरून हात फिरवायचा. त्या दारावर एक पोचा होता. डोळ्यांना दिसत नव्हता. काका सुपारी चघळत बसायचे आणि मी जागा दाखवली की म्हणायचे, "छे." एकवीस वर्षांची पदवीधर मुलगी सकाळी साडेनऊला कपाटाला हात लावून उभी, आणि खालून गिरणीवाला वर डोकावून बघतोय, असं तीन आठवडे चाललं. एके दिवशी हँडलच्या चार बोटं खाली हात किंचित बसला. मी तिथेच थांबले. मी "हा" म्हणायच्या आत काका उभे राहिले होते. "झकास! आता टाइप कर. आता तुला कळेल काय टाइप करतेस ते."

रिपोर्टात "अंदाजे" हा शब्द चालत नसे. एकदा मी सवयीने "सुमारे तीस डेंट" असं टाइप केलं, तर कागद परत आला. "सुमारे म्हणजे? एकोणतीस की एकतीस? लग्नाला सुमारे माणसं येतात, पत्र्यावर सुमारे डेंट येत नाहीत." न बघितलेली गोष्ट लिहायची नाही आणि बघितलेली सोडायची नाही, एवढाच त्यांचा धर्म. देवळात गेलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आणि एक नियम होता चहाचा. सही आधी, चहा मग. ज्याची गाडी बघायची त्याच्याकडे रिपोर्टाच्या कच्च्या कागदावर स्वतःची सही होईपर्यंत काका पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. लोकांना अपमान वाटे. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, हा शिष्टपणा आहे. तेव्हा त्यांनी मला शिऱ्याची गोष्ट सांगितली. नवीनच सर्व्हेअर झाले होते. एका घरी गाडी बघायला गेले तर मालकाच्या आईने बसवून घेतलं, शिरा दिला, वर आणखी वाढला. गाडीच्या दारावरचा डेंट जुना होता, हे काकांना कळलं होतं. पण तोंडात तुपाची चव होती. त्यांनी तो नव्यात धरला. "एक शिरा खाऊन मी एक खोटी ओळ लिहिली," काका म्हणाले, "आणि ती म्हातारी बिचारी प्रेमाने वाढत होती, तिला यातलं काही ठाऊकही नव्हतं. म्हणून म्हणतो, आधी सही."

याचा अर्थ काका कडक होते असा नाही. कुणाची चोरी पकडली तरी चारचौघांत त्याचं नाक कापायचे नाहीत. अंधेरीला एका डॉक्टरांच्या गाडीवर गुलमोहोराची फांदी पडली होती. डॉक्टरांनी गाडीवरच्या झाडून सगळ्या पोच्यांचं खापर त्या फांदीवर फोडलं. काका नव्या डेंटभोवती पांढऱ्या खडूने गोल करत आणि जुन्याभोवती निळ्या. गाडीभोवती एक चक्कर झाली तेव्हा निळे गोल जास्त होते.

"हे निळे कसले?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी एका निळ्या गोलात नख घासून गंज दाखवला. "डॉक्टर, जखम बघून ती किती दिवसांची आहे ते तुम्ही सांगता ना?"

"सांगतो."

"मीही सांगतो. ही तुमचा दवाखाना उघडायच्या आधीची आहे."

डॉक्टर आधी लाल झाले आणि मग एवढे हसले की वरच्या मजल्यावरून त्यांची बायको बघायला आली. सही झाल्यावर त्यांनी स्वतः चहा करून आणला. पुढे काकांच्या घरातलं कुणीही आजारी पडलं की याच डॉक्टरांकडे जायचं.

घरी काकूंना या डाव्या हाताचा मनस्वी वैताग होता. काका कुकर आणायला गेले की दुकानातल्या पाच कुकरांवरून डोळे मिटून हात फिरवणार, आणि दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळणार. "माझ्या घरात एक भांडं पोचा आलेलं नाही," काकू मला सांगायच्या, "पण एक भांडं वेळेवरही आलेलं नाही." त्यांना बघायला काका सकाळी आठला गेले होते म्हणे. मंडळी संध्याकाळची वाट बघत होती आणि काकूंचे केस विंचरायचे होते. "मला वाटलं मुहूर्त असेल! लग्नानंतर कळलं, ह्यांना उजेड तिरपा हवा होता." काका यावर फक्त गालातल्या गालात हसायचे.

हे सगळं सांगायचं ते धुरींच्या गाडीसाठी.

यशवंत धुरी कांदिवलीला चाळीत राहायचे. कापडगिरणी बंद पडल्यावर हाती आलेला सगळा पैसा घालून त्यांनी एक जुनी पांढरी अँबॅसिडर घेतली होती आणि नाशिक-शिर्डीच्या भाड्यांवर घर चालवत होते. मार्चमध्ये नाशिकच्या पुढे उघड्या रस्त्यावर त्यांना गारांनी गाठलं. प्रवासी आत बसून राहिले म्हणून वाचले, गाडीचं छप्पर, बॉनेट आणि डिकी मात्र गारांनी पार पिंजून काढली. मुंबईत गारा कुठल्या पडायला, त्यामुळे आमच्या ऑफिसात गारांची ही पहिलीच केस. काका कंपनीचं पत्र वाचून लहान मुलासारखे खूश झाले. "गारांचे डेंट म्हणजे सगळे गोल, सगळे भाऊ. बघत राहावंसं वाटतं."

मंगळवारी सकाळी आठला जायचं ठरलं. सोमवारी संध्याकाळी जिन्यातल्या पिठावरून काकांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. अंधेरीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि चार दिवस घरात बसायला बजावलं. मी धुरींच्या चाळीखालच्या औषधाच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला की मंगळवारऐवजी शनिवारी येतो. काकांना लिहिता येणार नव्हतं, म्हणून शनिवारी वही घेऊन मीही बरोबर गेले.

आम्ही पोचलो तेव्हा चाळीसमोरचं अंगण सारवल्यासारखं झाडलेलं होतं. गाडीच्या पुढच्या चाकाशी रांगोळी होती. बॉनेटवर झेंडूचा हार. आणि हाराखाली, कोवळ्या तिरप्या उन्हात, ती अँबॅसिडर आरशासारखी लखलखत होती. कुठे एक पोचा नाही. धुरी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, बाजूला त्यांची बायको शेवंतीबाई डोक्यावर पदर घेऊन.

काका गाडीपासून दहा पावलांवरच थांबले. त्यांची मालवणी तिथेच बाहेर पडली. "धुरीनू, गारा खंय पडल्यो?"

"पडल्यो होत्यो," धुरी अभिमानाने म्हणाले. "आता काय्येक कळाचा नाय. नाक्यावरच्या डेंटराक चार दिवस बसवलंय. रंग पण मारून घेतलंय."

"कित्याक?"

"तुमी येतले म्हणान."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. सर्व्हे व्हायच्या आत गाडीला हात लावायचा नाही, असं कंपनीच्या फॉर्मवर छापलेलं असतं, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. धुरींचा हिशोब साधा होता. मोठा माणूस पहिल्यांदा दारात येतोय, त्याला मोडकी वस्तू कशी दाखवायची? डेंटरची पावती तर खिशात होतीच. मंगळवारी आम्ही गेलो असतो तर सगळे पोचे जागेवर होते. आम्हीच चार दिवस दिले, आणि त्या चार दिवसांत त्यांनी स्वतःच्या हाताने आपला सगळा पुरावा पुसून वर रंग मारला.

काकांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. धुरींचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मेमध्ये गाडीचं पासिंग होतं. ते झालं नाही तर भाड्याची गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि पासिंगसाठी बाजूला ठेवलेला पैसा डेंटरकडे गेला होता. विम्याचा भरवसा होता म्हणून. भरपाई नाही तर पासिंग नाही, पासिंग नाही तर गाडी नाही.

"काका," धुरी हात जोडून म्हणाले, "तुमचो गाव आमच्यापासून तीन मैलार. आपण गाववाले. चार वळी लिवा. गारा पडल्यो ह्या खराच असा ना?"

मला वाटलं काका विरघळतील. ते उलट ताठ झाले. "गाव मध्ये आणू नका, धुरी," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "तुम्ही खोटं बोलत नाही ते मला दिसतंय. पण मी न बघितलेलं लिहीत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही. गाडी तपासली. नुकसान आढळलं नाही."

मी लिहिलं. मला काकांचा राग आला होता. एवढं कसलं ते सोवळं, असं वाटलं.

तेवढ्यात शेवंतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांना आमचं बोलणं नीट कळलेलं नसावं. काका म्हणाले, "सही झाल्यावर घेतो." तशा त्या संकोचून म्हणाल्या, "रागाव नकात. माझीच चूक. मीच ह्यांका म्हटलंय, पावण्यासमोर पोचे इलेला भांडा कोण ठेवता?"

काकांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. ज्या घरात एक भांडं पोचा आलेलं नव्हतं, त्या घरातला हा माणूस. त्यांनी सहीसाठी माझ्या हातातली वही घेतली आणि ती टेकवायला गाडीच्या छपरावर ठेवली. डाव्या हातात पेन नीट बसेना, म्हणून पेन खाली ठेवलं. मग, मला वाटतं केवळ सवयीने, त्यांनी खिशातून मलमल काढली आणि डोळे मिटून छपरावरून हात फिरवू लागले.

हात एका जागी थांबला. पुढे गेला, पुन्हा थांबला.

"माझ्या पिशवीतला चुंबक दे," ते डोळे न उघडता म्हणाले.

रुमालात बांधलेला एक चुंबक त्यांच्या पिशवीत नेहमी असायचा. त्यांनी तो बॉनेटला लावला. चिकटला. डिकीला लावला. चिकटला. छपराला लावला तर घसरून खाली पडला; रंगाखाली पत्र्याआधी दुसरंच काही होतं.

"छप्पर ठोकला नाय?" त्यांनी विचारलं.

"नाय," धुरी म्हणाले. "डेंटर म्हणालो, छप्पर ठोकूचा तर आतलो कपडो काढूक व्हयो, त्येका वेळ जातलो. वरसून पुट्टी भरल्यान."

काका मागचं दार उघडून आत शिरले आणि प्लास्टरचा हात छातीवर घेऊन सीटवर उताणे झाले. अँबॅसिडरच्या छपराला आतून कापड ताणून बसवलेलं असतं. ते त्यांनी धुरींना कडेने सोडायला लावलं. कापड खाली लोंबलं. "बॅटरी दे." मी टॉर्च दिला. शेवंतीबाईंच्या हातातला चहा गार होत होता आणि चाळीच्या गॅलरीत माणसं जमली होती.

मग आतून आवाज आला. "लिव गो चेडवा! लिव!"

मी वाकून बघितलं. वरून खड्डा पडला की आतून टेंगूळ येतं. पुट्टीने खड्डे झाकले होते, टेंगळांना कुणी हात लावला नव्हता. छपराच्या पोटाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळी गोल, सगळी ताजी, टपोऱ्या बोरांएवढी टेंगळं. गारा जशा पडल्या होत्या तशा तिथे होत्या. काका डाव्या हाताने एकेकाभोवती खडूचा गोल काढत होते आणि ओळीओळीने आकडे सांगत होते. खडूची भुकटी त्यांच्या चष्म्यावर पडत होती. एकूण एकशे अठ्ठावीस भरली. "धुरी, इकडे ये," त्यांनी हाक मारली, "तूही बघ. तुझ्या गारा खंय गेल्यो नाय." पाहुणे आणि यजमान मागच्या सीटवर शेजारी शेजारी मान वर करून बसले होते, आणि धुरी रडत होते.

पण बॉनेट आणि डिकीचं काय? तिथले पोचे खरोखरच ठोकून काढले होते. काकांनी बॉनेट उघडून आतून बघितलं. हातोडीच्या खुणा कोऱ्या, चकचकीत, त्यांवर धुळीचा कणही नाही. त्यांनी मला सांगितलं, "लिही. काम ताजं आहे. कारण पाहिलेलं नाही." मी म्हटलं, काका, छपरावर एवढ्या गारा आहेत, तर बॉनेटवर दुसरं काय पडणार? "मला कळतंय गं. पण मी पाहिलं नाही. कंपनीला डोकं आहे, कंपनी समजून घेईल."

आधी लिहिलेली ओळ मी फाडू लागले तर त्यांनी हात धरला. "फाडायची नाही. एक रेघ मार आणि शेजारी लिही, सर्व्हेअरची चूक." आणि शेवटी त्यांनी आणखी एक ओळ घालायला लावली. सर्व्हेला चार दिवस उशीर झाला, तो सर्व्हेअरच्या दुखापतीमुळे; मालकाने दुरुस्ती केली ती याच काळात. मी म्हटलं, हे कशाला? कंपनी तुम्हाला काम द्यायची बंद होईल.

"झाली तर झाली. घडलंय ना?"

त्यांनी डाव्या हाताने सही केली. एवढी वेडीवाकडी की साक्षीदार म्हणून मला खाली सही करावी लागली. मग शेवंतीबाईंनी नवा चहा केला आणि काकांनी तो दोन कप घेतला. पुट्टी जूनमध्ये फुगेल, छप्पर नीट ठोकून घ्या, हे त्यांनी दुसऱ्या कपाच्या वेळी सांगितलं.

कंपनीतल्या अधिकाऱ्याने फोन केलाच. "गावकर, स्वतःविरुद्ध कोण लिहितं हो?" काका म्हणाले, "घडलं ते लिहिलं." पुढचे तीन-चार महिने आमच्याकडे कामं जरा कमी आली, हे खरं. पण छपराची भरपाई पूर्ण मिळाली, बॉनेट आणि डिकीची निम्मी, आणि मेमध्ये धुरींचं पासिंग झालं.

छप्पर ठोकायला मात्र काकांनी नाक्यावरच्या डेंटरला हात लावू दिला नाही. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी माळ्यावरून आपली जुनी हातोडी काढली आणि दोन रविवार कांदिवलीला घालवले. पुट्टी खरवडून काढलेली होती. काका आत उताणे होऊन ठोकायचे आणि धुरी वरून लोखंडी ठोकळा धरायचे. आत-बाहेर दोघांचं मालवणीतून भांडण चालू. दुसऱ्या रविवारी काकू आणि मी जेवायला गेलो होतो. शेवंतीबाईंनी काम अर्धवट असतानाच चहा आणला. मला वाटलं काका नको म्हणतील. ते घामाघूम बाहेर आले, बनियनवर, आणि हसून म्हणाले, "आज सही खंय करूची हा?" त्यांनी चहा घेतला, मग काकूंनी आग्रह करून आणखी अर्धा कप दिला. इतके खूश काका मी तोवर पाहिले नव्हते. पंधरा वर्षं ज्या कामाने हात बहिरा केला, त्याच कामावर ते आपणहून परत आले होते.

तीन वर्षांनी काकांनी परवाना परत केला आणि गावी जायचं ठरवलं. बाडबिस्तरा आधीच गेला होता. काका-काकूंना पोचवायला धुरी आपली अँबॅसिडर घेऊन आले. सकाळचे आठ वाजले होते. शेवंतीबाईंनी थर्मासमधून चहा आणला होता. त्यांनी कप पुढे केला आणि काकांचा हात सवयीने आडवा आला. "सही..." म्हणाले आणि स्वतःच घुटमळले. सही करायला काहीच नव्हतं.

मी पर्समधून वही काढली. का ते मला सांगता येणार नाही. काकांनी वहीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, खिशातून मलमल काढली आणि डोळे मिटले. छपरावरून हात पुढून मागे गेला, बाजूने फिरला, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात थांबला.

"हय एक रवलो," ते म्हणाले.

"काका, तीन वर्सां झाली," धुरी म्हणाले, "कोणाक दिसाक नाय."

"दिसणा नाय, तरी असा. त्या दिवशी चाय आधी घेतलंय ना, तेवाच रवलो." मग मला म्हणाले, "लिही. छप्पर तपासलं. एकशे सत्तावीस निघाले. एक राहिला, तो माझ्या हातून." त्यांनी उजव्या हाताने नीट, सरळ सही केली आणि चहा घेतला. पुढच्या दिवाळीला येईन तेव्हा तेवढा काढून देतो, असं धुरींना सांगितलं. गाडी वळणावर गेली तरी त्यांचा डावा हात खिडकीबाहेर होता.

दिवाळीला ते आले नाहीत. पावसाळ्यातच काकूंचं पत्र आलं, काका गेले म्हणून.

धुरींनी तो पोचा कुणाकडून काढून घेतला नाही. गाडी विकेपर्यंत तसाच ठेवला. आमच्या घराच्या फाटकाशी कधी ते थांबले की मी खाली जायची, आणि ते काही न विचारता खाली उतरून छपराशी मला जागा करून द्यायचे. डोळे उघडे ठेवून तो मला एकदाही सापडला नाही. मिटले की लगेच लागायचा.